शकूची नडगी, माझी नडगी

पनवेल,
गुरुवार, २२ जानेवारी १९५९

शकू,

तू मला ओळखत नाहीस. मी तुझ्या बाबांची धाकटी बहीण, म्हणजे तुझी आत्या. माझं नाव चंद्रावती. इथे पनवेलीत मुलींच्या शाळेत मी तिसरीचा वर्ग घेते.

परवा बुधाजी तांडेल मंगळुरी कौलांचा मचवा घेऊन इथल्या बंदराला लागला. तो आपल्या ओवे गावचाच माणूस. वाटेत वेंगुर्ल्याला त्याला तुझे बाबा दिसले. आधी ओळख पटेना, मग त्यानं नावानं हाक मारली तेव्हा ते वळले म्हणे. आमचा कमळाकर शिरोड्याच्या मिठागरावर कामाला आहे, त्याचं लग्न झालंय, त्याला आठ वर्षांची मुलगी आहे आणि ती काजूच्या झाडावरून पडून तिचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडलाय, हे सगळं मला एका दमात कळलं. पंधरा वर्षं तुझे बाबा कुठे आहेत हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. मी बुधाजीकडून पत्ता लिहून घेतला आणि दोन दिवस तो नुसता पुस्तकात ठेवून दिला. तुझ्या बाबांना काय लिहावं ते सुचेना. मग वाटलं, त्यांना नको, तुलाच लिहावं. कारण तुझं जे हाड मोडलंय, तेच माझंही मोडलं होतं. तेव्हा मी नऊ वर्षांची होते.

त्या हाडाचं नाव नडगी. माझ्या वर्गातल्या मुलींना मी हा धडा कालच शिकवला. खरं तर तो पुस्तकात नाही, पण तुझी बातमी कळल्यावर दुसरं काही शिकवायला मन घेईना. सगळ्यांना पाय पुढे करून बसवलं आणि सांगितलं, गुडघ्याच्या खाली समोरून बोट फिरवा. तू डाव्या पायावर फिरवून बघ. मांस लागतच नाही. कातडीखाली लगेच हाड, आणि त्याला एक धारेसारखी कड. म्हणून तर खाटेच्या पायाला नडगी आपटली की डोळ्यांत पाणी येतं. मागे पोटरी कशी मऊ असते, गादीसारखी. पुढे देवानं काहीच घातलेलं नाही.

गुडघ्याखाली हाडं दोन असतात. पुढची जाड ती नडगी. तिच्या बाहेरच्या अंगाला एक बारीक हाड असतं, बोरूइतकं म्हण ना. सगळं वजन नडगी पेलते आणि बारकं हाड तिच्या शेजारी उभं राहतं. आता घोटा बघ. आतल्या बाजूचं टेंगूळ आहे ना, ते नडगीचं खालचं टोक. बाहेरचं टेंगूळ त्या बारक्या हाडाचं. इतके दिवस तू दोन्ही टेंगळं बघत असशील, पण ती वेगवेगळ्या हाडांची आहेत हे तुला कुणी सांगितलं नसेल. माझ्या वर्गातली मैना म्हणाली, "बाई, आमाला वाटायचं ते नुसतं टेंगूळच हाय." म्हटलं, मलाही पाय मोडेपर्यंत तसंच वाटायचं.

आणि एक गोष्ट लक्षात ठेव. हाड म्हणजे सुकं लाकूड नव्हे. ते जिवंत असतं. त्याला रक्त लागतं, ते वाढतं, आणि मोडलं तर आपलं आपण जुळतं. डॉक्टर हाड जुळवत नाहीत. ते फक्त दोन तुकडे समोरासमोर नीट धरून ठेवतात. जुळवायचं काम तुझ्या पायाचं. ते काम आत्ता, तू हे पत्र वाचत असताना चालू आहे. म्हणून पाय हलवायचा नाही. कामात असलेल्या माणसाला धक्का मारतो का आपण?

तुला वाचताना अडलं तर बाबांना वाचायला सांग. त्यांना चांगलं वाचता येतं. चौथीपर्यंत ते ओव्याच्या शाळेत पहिले यायचे.

तुझी
चंद्रावती आत्या


पनवेल,
गुरुवार, १९ फेब्रुवारी १९५९

शकू,

तुझं कार्ड आलं. किती दिवसांनी आमच्या घरातल्या कुणी मला काही लिहिलं. अक्षर छान आहे, फक्त 'ष' पोटफोड्या काढायला शीक. तू तीन प्रश्न विचारलेस. तिन्हींची उत्तरं देते.

प्लास्टरच्या आत खाजतं ते का? आतली कातडी सुकते, तिला वारा लागत नाही, म्हणून. काटकी घालून खाजवू नकोस. मी घातली होती, ती आत मोडली आणि डॉक्टरांनी मला बोलायचं ते बोलून घेतलं. तुझ्या आईला सांग, वरून टिचक्या मारायच्या. थोडं बरं वाटतं.

हाड जुळतं म्हणजे नक्की काय होतं? मोडलेल्या जागी आधी रक्त साचतं. मग ते घट्ट होत जातं, चिकासारखं. त्यात हळूहळू कूर्चा तयार होते, म्हणजे कानाच्या पाळीसारखं लवचिक काहीतरी. मग त्यात चुना भरत जातो आणि ते कडक होतं. चुना कुठून येतो विचारशील तर दुधातून, नाचणीतून, तुम्ही खाता त्या बारक्या मासळीच्या काट्यांतून. म्हणून सध्या भाकरी टाकायची नाही. आधी त्या जागी एक जाड गाठ येते. प्लास्टर काढल्यावर ती हाताला लागेल, घाबरू नकोस. पुढे वर्षभर शरीरच ती घासून काढतं आणि हाड पूर्वीसारखं करतं. लहान मुलांचं फार लवकर होतं. तुमची हाडं ओल्या फांदीसारखी असतात, आणि दोन्ही टोकांना ती अजून वाढत असतात.

लंगडशील का? नाही. मी लंगडत नाही. मी रोज शाळेत दोन मजले चढते आणि सुट्टीच्या दिवशी पनवेलीहून ओव्याला चालत जाते. पाऊस यायच्या आधी जरा ठणका लागतो तेवढाच.

आता तू विचारलेलं नाहीस, पण मला सांगायचंय ते. माझा पाय कसा बरा झाला.

तुला मिठागर माहीत आहेच. आमचंही खाडीच्या काठाला होतं. भरतीचं पाणी आत घ्यायला बांधात उघाडी असते, लाकडी फळी वर उचलायची आणि खुंटीवर ठेवायची. तुमच्याकडे तिला काही वेगळं म्हणत असतील. त्या दिवशी फळी निसटली आणि माझ्या पायावर आली. तुझे बाबा तेव्हा सतरा वर्षांचे. आमचे बा, म्हणजे तुझे आजोबा, दुसऱ्या टोकाला गडी माणसं घेऊन गेले होते. तुझे बाबा धावत आले. मी ओरडत होते. त्यांनी एका दमात फळी उचलली आणि मला बाहेर घेतलं. पाय मध्येच वाकला होता, जिथे वाकू नये तिथे. बघून दुसरा कुणी रडला असता. त्यांनी मीठ ओढायच्या फावड्याचा दांडा स्वतःच्या पायाखाली घालून मोडला, त्याचे दोन तुकडे केले आणि माझ्या पायाच्या दोन्ही बाजूंनी लावून आपल्या कमरेच्या रुमालानं बांधले. गुडघ्याच्या वरपासून टाचेपर्यंत. हे त्यांना कुणी शिकवलं होतं कुणास ठाऊक.

तोवर कुणीतरी बैलगाडी आणली. तुझे बाबा म्हणाले, गाडीत नाही घालायची, धक्के बसतील. भरती चढत होती. त्यांनी मला होडीत निजवलं आणि एकट्यानं वल्हवत खाडीतून पनवेलीच्या बंदरापर्यंत आणलं. दोन तास लागले असतील. पाणी सपाट होतं. ते वल्हं मारायचे आणि मध्येमध्ये म्हणायचे, "चंद्रे, वर आभालात बघ. पायाकडं बघू नको."

डॉक्टर आठल्ये म्हणून होते तेव्हा पनवेलीत, आता वारले. हाडाचा फोटो काढायची सोय नव्हती. त्यांनी रुमाल सोडला, बोटांनी चाचपलं आणि विचारलं, "हे बांधलं कोणी?" तुझे बाबा दाराशी उभे होते. त्यांना वाटलं, आता रागवणार. खाली मान घालून म्हणाले, "मी." डॉक्टर म्हणाले, "बांधल्यापासून हाड जरासुद्धा हललेलं नाही. गाडीतून आणली असतीस तर ते कातडी फाडून बाहेर आलं असतं, आणि मग मला पाय कापावा लागला असता. ही पोर उद्या चालेल ती तुझ्यामुळे."

हे वाक्य मी स्वतः ऐकलंय. तुझ्या बाबांनी तुला सांगितलं नसणार, म्हणून मी सांगते. माझा पाय आहे तो तुझ्या बाबांमुळे. पाय बसवल्यावर डॉक्टरांनी मला पनवेल सोडू दिली नाही, आठवड्याला बघायचं म्हणून. मी भामा मावशीकडे राहिले. वर्षभर मिठागरावर पाठवायचं नाही असंही ते बांना म्हणाले. मावशीच्या शेजारीच शाळा होती. बसून काय करणार म्हणून मावशीनं मला शाळेत घातलं. ओव्यातली एकही मुलगी तोवर चौथीच्या पुढे गेली नव्हती. मी सातवीची फायनल पास झाले, मग ट्रेनिंग केलं, आता बाई झाले. माझ्या बरोबरीच्या मुली अजून बांधावर डोक्यावर मीठ वाहतात. म्हणजे पाय मोडला तोही माझ्या कामाला आला बघ.

तुझे बाबा माझ्याबद्दल काय म्हणतात? लिहून कळव.

तुझी
आत्या


पनवेल,
शनिवार, १४ मार्च १९५९

दादा,

हे पत्र तुला. शकूला वाचायला देऊ नकोस. दिलंस तरी माझी हरकत नाही, पण आधी तू वाच.

शकूचं दुसरं कार्ड आलं. प्लास्टर काढलं, गाठ हाताला लागते, पायाचं कातडं पालीसारखं झालंय, असं सगळं तिनं लिहिलंय. आणि शेवटी एक ओळ: "बाबा म्हणतात, आत्याचा पाय मीच मोडला, खुंटी नीट ठोकली नव्हती."

ही ओळ मी वर्गात वाचली. मुली पाढे म्हणत होत्या. मी खुर्चीवर बसले ती तास संपेपर्यंत उठले नाही.

दादा, मला पंधरा वर्षं वाटत होतं की तुला माहीत आहे. तू गप्प राहिलास तो मला वाचवायला गप्प राहिलास, असं मी धरून चालले होते. मनाशी तुला फार मोठा करून ठेवलं होतं आणि स्वतःला फार लहान. तुलाही खरं ठाऊक नसेल, तू स्वतःलाच दोष देत बसला असशील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

शकूला मी लिहिलं, फळी निसटली. फळी निसटली नव्हती.

तू खुंटी नीट ठोकली होतीस. दगडानं दोन घाव घातलेस ते मी पाहिले. मग मला म्हणालास, "हितं बांधावर बस, खाली उतरू नको," आणि पाणी कुठवर चढलं ते बघायला पलीकडे गेलास. दोनदा बजावलंस. पाण्याबरोबर निवट्यांची मासळी आत येत होती, चिखलात उड्या मारत. मला एक हवी होती. मी चरात उतरले. खाली पाय घसरला, तेव्हा आधाराला मी खुंटी धरली. एका हातानं नाही, दोन्ही हातांनी, आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं. ती हलली ते मला कळलं. तरी मी सोडली नाही, कारण निवटी अगदी जवळ होती. मग खुंटी माझ्या हातात आली आणि फळी खाली आली.

ती खुंटी माझ्या मुठीत होती, दादा. तू फळी उचललीस तेव्हा मी ती पाण्यात टाकली.

दवाखान्यात बा आले तेव्हा काय झालं ते तुला आठवत असेलच. डॉक्टरांनी तुला शाबासकी देऊन पाव तासही झाला नव्हता. बांनी कुणाकडेच बघितलं नाही, सरळ माझ्याजवळ येऊन विचारलं, "फली कोनी सोडली?" बांच्या हाताला अजून मीठ होतं. मी म्हटलं, "दादानं."

मला वाटलं होतं, तू नाही म्हणशील. मग मला खरं सांगावं लागेल, मग मार मला पडेल, पण पाय मोडलेल्या पोरीला बा फार मारणार नाहीत. एवढा हिशेब मी केला होता. तू काही म्हणालाच नाहीस. बांनी सगळ्यांसमोर तुला मारलं. आजपासून माझ्या दारात उभा राहू नको म्हणाले. तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि खाली बघितलंस. आता कळतं की तू तेव्हा आठवून बघत होतास, खुंटी ठोकली होती की नव्हती.

चौथ्या दिवशी तू मावशीच्या घरी आलास. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिलास. "दुखतंय?" विचारलंस. मी नाही म्हटलं. "मग मी जातो," म्हणालास. मला वाटलं, ओव्याला जातोयस. तेव्हा घरात मी एकटी होते. मावशी पाण्याला गेली होती. सांगायचं तर तेव्हा सांगता आलं असतं. भीती वाटायलाही कुणी नव्हतं तिथे.

पुढचं तुला माहीत नाही. आई बंदराला मचवे लागले की जायची. बांना सांगायची, मासळी बघून येते. तिथे खलाशांना विचारायची, कमळू कुठे दिसला का. आठ वर्षं ती जात होती. बावन्न साली कार्तिकात ती गेली. शेवटच्या दिवसांत मी तिच्याजवळ होते. ती म्हणाली, "कमळ्यानं मुद्दाम नसंल सोडली गं." तिनं तुला माफ केलं होतं, दादा. ज्यात तुझी चूकच नव्हती त्याची माफी. आणि मी तिच्या कपाळावरची पट्टी बदलत बसले. मी सतरा वर्षांची होते तेव्हा. तू घर सोडलंस तेवढीच. लहान होते असं म्हणायची सोय तिथे संपली.

त्यानंतर सांगायला कुणी उरलं नाही असं मी ठरवून टाकलं. बा तुझं नाव काढत नाहीत. मला वाटायचं, त्यांनी मनातून पुसलं असेल, कशाला उकरायचं. असं वाटणं सोयीचं होतं.

मी तुझी क्षमा मागते, हे लिहायला हवं म्हणून लिहिते. पण त्यापेक्षा मोठं वाटतं ते हे की तू माझा पाय वाचवलास, आणि पुढचं सगळं मला त्या पायामुळे मिळालं. रोज फळ्यासमोर उभी राहते तेव्हा दोन पायांवर उभी राहते. ते तुझं देणं आहे. त्याबद्दल एक शब्द तुला कुणी बोललं नाही. डॉक्टर बोलले तेवढेच.

उद्या रविवार. मी ओव्याला जाऊन बांना सांगणार आहे. आधी हे पत्र पेटीत टाकते, म्हणजे उद्या बांच्या समोर गेल्यावर मला मागे फिरता येणार नाही.

शकूला चालव, पण रोज थोडंच. पहिल्यांदा पाय टाकताना ती घाबरेल. मीही घाबरले होते. पाय आपला वाटत नाही.

तुझी
चंद्रा


पनवेल,
बुधवार, ८ एप्रिल १९५९

दादा,

तुझं पत्र मिळालं. चार ओळींचं. मी ते इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालंय. "खुंटी मी ठोकली होती. आता मलाही आठवतं, दगड लाल होता. तू लहान होतीस. माझं ओझं उतरलं. येणं होणार नाही, बांनी बोलावलं नाही तर मी कसा येऊ. पाऊस यायच्या आधी पायाला राईचं तेल चोळत जा."

तू रागावला नाहीस. रागावला असतास तर मला सोपं गेलं असतं. पण आता तक्रार करणार नाही. जे मिळालं ते हात पसरून घेते.

बांना सांगितलं ते लिहिते. ते अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसले होते. आता मिठागरावर जात नाहीत, गुडघे धरतात. मी समोर बसले आणि मीही सोलायला लागले. मग सगळं सांगितलं, निवटीपासून आईपर्यंत. त्यांचा हात थांबला नाही. शेवटची शेंग सोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तवा तू किती वरसांची व्हतीस?"

"नऊ."

"आनि मी?"

मी मोजून सांगितलं, पन्नास.

त्यांनी टरफलं एका बाजूला सारली. मग म्हणाले, "नव वरसांची पोर माराला भ्याली, त्यात काय नवल नाय. पन्नास वरसांच्या मानसानं पोराला इचारलं नाय. तुला इचारलं. त्याला इचारलंच नाय मी."

मला म्हणायचं होतं, बा, चूक माझी. त्यांनी म्हणू दिलं नाही. टोपली उचलून आत गेले. मी निघाले तेव्हा वाल बांधून दिले आणि खाडीच्या रस्त्यापर्यंत सोडायला आले. वाटेत एवढंच विचारलं, त्याच्या पोरीचं नाव काय.

मी सांगितलं.

"शकू," असं ते दोनदा म्हणाले.

चंद्रा


पनवेल,
रविवार, १० मे १९५९

शकू,

शाळेला सुट्टी लागली. हे पत्र मी टपालात टाकलेलं नाही. ते तुझ्या हातात एका म्हाताऱ्या माणसानं दिलं असेल. डोक्याला पांढरं पागोटं, अंगात कोपरी, एक कान जरा कमी ऐकतो. त्यांना घरात घे. ते तुझे आजोबा आहेत.

ते मुंबईच्या पुढे कधी गेलेले नाहीत. गेल्या आठवड्यात एकटेच पनवेलीला चालत आले आणि बुधाजीला गाठून विचारलं, पावसाआधीची शेवटची खेप कधी. मला नंतर कळलं. मी म्हटलं, दादालाच बोलावू या, एक कार्ड टाकते. ते म्हणाले, "त्याला मी घालवला. त्याला कशाला बोलवाचं? मी जातो." मी बरोबर येते म्हटलं, तर तेही नको म्हणाले. मचव्यात कौलांच्या जागी आता गोणी आहेत, त्यांच्यावर त्यांच्यासाठी कांबळं टाकलंय. बुधाजी म्हणतो, वारा बरा आहे, पाचव्या-सहाव्या दिवशी वेंगुर्ल्याला लागू.

त्यांना प्रवासात उलट्या झाल्या असतील. आधी पाणी दे, मग गूळ. मग त्यांना तुझा पाय दाखव. गाठ असते ती जागा त्यांना बोटानं दाखव आणि मी तुला शिकवलं ते सगळं सांग, दोन हाडं, दोन टेंगळं, चुना कसा भरतो ते. त्यांना हे कुणी सांगितलेलं नाही. माझा पाय जुळत होता तेव्हा ते मावशीकडे फक्त दोनदा आले, आणि दोन्ही वेळा बाहेर ओट्यावर बसून परत गेले. ते फार बोलत नाहीत. तुझे बाबाही फार बोलत नसतील. तेव्हा बोलायचं काम तुझ्याकडे आहे. तू चांगलं बोलतेस, ते तुझ्या कार्डांवरून दिसतं.

तुझ्या बाबांना मिठागरावरून बोलावून आण. पळत जाऊ नकोस, चालत जा. आता तुला चालता येतं.

आजोबांना वाचता येत नाही. बाबा घरी आले की हे पत्र आजोबांसमोर मोठ्यानं वाच, बाबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. आज निघायच्या आधी आजोबा माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, कमळ्याला लिव, तुजा बापूस चुकला. मी लेखणी हातात घेतली होती, पण ते वाक्य लिहिलं नाही. म्हटलं, बा, ते तुम्हीच त्याला बोला. एवढं पाणी ओलांडून त्यासाठीच तर चाललात.

तुझी
आत्या